नानांची बत्तिशी

नाना चिडले की आमच्या कॉलनीतले लोक घराबाहेर येऊन उभे राहायचे. भांडण सोडवायला नव्हे. रागाच्या भरात आपल्याही वाट्याला दोन शब्द आले तर बघावं, म्हणून. जळगावच्या पिंप्राळ्यात नानांच्या फाटकासमोर कुणी गाडी लावली की नाना बनियनवरच बाहेर यायचे. मानेच्या शिरा ताठ, डोळे लाल, हात हवेत. आणि सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात ओरडायचे, "तुनं भलं होवो! तुले सरकारी नोकरी लागो! तुना घर जुळा पोरे होवोत!" त्यापुढचं 'नालायका' ओठांपर्यंत यायचं, तेवढं ते गिळून टाकायचे. गिळताना गळ्याची घाटी खालीवर झालेली मी स्वतः पाहिली आहे.

बाहेरच्या माणसाला वाटे, म्हातारा भ्रमिष्ट आहे. आम्हाला कारण ठाऊक होतं. नानांना बत्तीस दात होते. आपल्याकडे म्हणतातच ना, बत्तीस दातांच्या माणसानं काही बोलू नये, बत्तिशी वठते. म्हणजे तो बोलेल ते खरं होतं. तेव्हा नानांनी पन्नास वर्षं कुणाला वाईट शब्द म्हणून उच्चारला नव्हता. राग मात्र माणसाचाच असतो, तो कुठे जाणार? म्हणून ते शिव्यांच्या चालीवर आशीर्वाद द्यायचे. आणि लोक काय कमी असतात? परीक्षा असली, मुलाखत असली, सुनेला दिवस गेले असले, की मुद्दाम नानांच्या फाटकासमोर गाडी आडवी लावायची आणि हॉर्न वाजवायचा.

ही बत्तिशी त्यांना मिळाली अमळनेरला. तरुणपणी ते तिथल्या एका जिनिंगमध्ये कापूस पारखायला होते. कापसाची गाडी आली की नाना मूठभर कापूस ओढायचे, त्यातली सरकी दाढेखाली धरायचे आणि फोडायचे. कट्ट आवाज आला तर कापूस वाळलेला, नुसतीच चेपली तर ओला. हा निकाल नानांच्या खालच्या डाव्या दाढेचा असे, आणि त्यावर शेतकरी किंवा मालक, कुणीही वाद घालत नसे. तिथल्या एका म्हाताऱ्या हमालानं एकदा गंमत म्हणून नानांचं तोंड उघडून दात मोजले आणि गंभीर होऊन सांगितलं, "पोरा, बठ्ठा बत्तीस शेतस. आतेपाईन जपीसन बोल." त्यानंतर कुणीही पुन्हा मोजले नाहीत. एकदा लागलेला निकाल कोण तपासतं?

आता मी कोण, तर मी दातांची डॉक्टर. धुळ्याची. शिकून बाहेर पडले आणि दवाखान्याला जागा शोधत जळगावला आले, तेव्हा नानांच्या घराची पुढची खोली रिकामी होती. मी जागा बघायला गेले तर नानांनी आधी मलाच विचारलं, "डाक्टरबाई, तुमले कितला दात शेतस?" अठ्ठावीस, म्हटलं, अक्कलदाढा आल्याच नाहीत. नाना अक्काकडे वळले. अक्का म्हणजे त्यांची बायको. सगळी कॉलनी तिला अक्काच म्हणायची. "मंग दी टाका खोली," नाना म्हणाले, "हिन्ह्या बोलाना काही धोका नही."

जगातला सगळ्यात मूर्ख डॉक्टर कोण, असं विचाराल तर मी. दातांचा दवाखाना मी अशा माणसाच्या घरात काढला, ज्याचं दातांबद्दलचं ज्ञान माझ्या पाच वर्षांच्या शिक्षणापेक्षा कितीतरी जास्त होतं. दवाखान्याच्या दाराशी ओटा होता, आणि ओट्यावर नाना. पेशंट आत येण्याआधी नानांच्या हाताखालून जायचा. निम्मे तिथूनच परत.

"दाढ काढशी?" नाना विचारायचे. "काढी का डोया गया समज." दाढेची आणि डोळ्याची नस एकच, हे त्यांचं ठाम मत. पुरावा म्हणून एक मास्तर होते. मास्तरांनी दाढ काढली आणि वर्षभरात त्यांना चष्मा लागला. मास्तर तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते, त्या वयात दाढ न काढणाऱ्यांनाही वाचायचा चष्मा लागतो, हे मी सांगून सांगून थकले. नाना शांतपणे म्हणायचे, "त्यासनी बी कव्हय ना कव्हय काढीच व्हई."

दात साफ करायला कुणी आलं की, "साफ करा का ढिला पडतस." आता यात गंमत अशी, की वर्षानुवर्षं साठलेला दगडासारखा थर काढला की आधीच हललेला दात हलतोय हे कळतं. भिंतीचा पोपडा काढला म्हणून भिंत पडली म्हणणाऱ्याला काय सांगायचं? हिरड्यांतून रक्त आलं की ब्रश बंद, हा त्यांचा सल्ला. वास्तविक घाण राहते म्हणूनच रक्त येतं. लहान मुलाचा किडलेला दात भरायला बाई आली की, "दूधना दात, पडनारच शेतस, कशाले उगाच?" तो दात वेळेआधी गेला की मागचे दात सरकतात आणि पक्क्या दाताची जागा जाते, हे सांगायला मी बाहेर येईपर्यंत बाई कोपऱ्यावर पोचलेली असे.

आणि किडा. नानांच्या कोटाच्या खिशात होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक बाटली असे, तिच्यात दाताचा किडा. शिरपूरच्या बाजारात एका बाईनं रिंगणीच्या बियांचा धूर देऊन त्यांच्या मावशीच्या दाढेतून काढलेला. नाना तो माझ्या पेशंटांना दाखवायचे. "हाऊ देख. आनि डाक्टरबाई सांगतस, किडा नसतसच." एके दिवशी मी ती बाटली हिसकावून घेतली, भिंगाखाली धरली. रिंगणीच्या बीचाच कोंब होता तो, धुरानं वाकडा झालेला. मी विजयी मुद्रेनं नानांना भिंगातून दाखवला. नानांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मरी ग्यावर असाच दिसतस."

एकदा मात्र माझं डोकं फिरलं. एका पेशंटला त्यांनी दाढेला तंबाखू लावून घरी पाठवलं आणि तो तिसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन आला. मी ओट्यावर जाऊन नानांना नको ते बोलले. मी धुळ्याची आहे, बोलायला लागले की बोलते. नाना उभे राहिले, थरथरले, मला वाटलं आता खोली खाली करायला सांगणार. त्यांनी तोंड उघडलं आणि कडाडले, "तुमना दवाखाना असा चालो, असा चालो, का बसाले जागा नही उरो!" आणि पाय आपटत आत गेले. महिनाभरात मला ओट्यावर दोन बाकं टाकावी लागली. लोक म्हणाले, वठली. मी म्हणाले, शेजारच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर गाव सोडून गेले. माझं कुणी ऐकलं नाही.

जे वठायचं नाही त्याला कारण सापडायचं. शेवटच्या घरातली एक मुलगी तलाठ्याच्या परीक्षेला बसायची. दोनदा नानांच्या फाटकासमोर स्कूटी लावून नोकरीचा आशीर्वाद घेऊन गेली, दोनदा नापास. कॉलनीचं मत पडलं, की तिनं स्कूटी नीट आडवी लावली नव्हती, नाना पुरेसे चिडलेच नाहीत.

या सगळ्यात नानांनी मला घर दिलं, वीज दिली, अक्काच्या हातचं भरीत दिलं. तोंड तेवढं दिलं नाही. कधीच आ केला नाही. "बत्तीस शेतस, त्यात काय देखनं?" अक्काचं तोंड मात्र मला तपासायला मिळालं होतं. जन्मभर मिसरी लावून तिचे तीन दात उरले होते. मिसरीनं दात घट्ट होतात, असं तिच्या आईनं सांगितलेलं. उरलेले तीन खरोखर घट्ट होते, हे कबूल करायला हवं.

तर असे आमचे नाना. आणि मग त्यांची ती डावी दाढ दुखायला लागली.

मला कळलं ते भरताच्या दिवशी. नाना कळण्याची भाकरी कडक खायचे, वर कच्चा कांदा बुक्कीनं फोडून. त्या दिवशी त्यांनी भाकरी भरतात कुस्करली आणि उजव्या बाजूनं हळूहळू चावली. मी बघितलेलं त्यांनी बघितलं. "हवा लागनी," म्हणाले. मग दाळे-फुटाणे खाणं बंद झालं. ओट्यावर लवंगेचा वास यायला लागला. एके दिवशी जांभई देताना हिरडीवर पांढरा चट्टा दिसला. डोकेदुखीची गोळी कुटून दाढेजवळ दाबून ठेवलेली, तिनं हिरडी भाजली होती. मी म्हटलं, नाना, गोळी गिळायची असते. ते म्हणाले, दुखस आठे, गिळीसन पोटमा कशाले धाडू?

आठवड्यानं ते हसत आले. "डाक्टरबाई, बंद व्हई गयं. आपोआप." त्यांच्यासाठी दुखणं थांबलं म्हणजे दुखणं गेलं. पण आत नस मेली की दाढ दुखायची थांबते, आणि पू खाली मुळाशी आपलं काम चालू ठेवतो. नानांना साखरेचा आजार होता. पुढच्या सोमवारी त्यांचा गाल सुजला, मंगळवारी ताप आला, बुधवारी तोंड दोन बोटंही उघडेना. खालच्या दाढेची सूज गळ्याकडे उतरली तर माणूस जातो, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. जबड्याचा एक्स-रे फोटो काढू, औषध सुरू करू, तोंड उघडलं की दाढ काढू. इंजेक्शनाला त्यांनी दंड पुढे केला. फोटोला रिक्षात बसले. दाढेचं नाव काढलं की मान हलवायचे, नाही.

मला वाटलं, म्हाताऱ्याला आपली शान प्यारी. मी चिडूनच विचारलं, "नाना, लोकांनी गाड्या लावायचं बंद केलं तर काय बिघडेल? जिवापेक्षा बत्तिशी मोठी आहे का?"

अक्का आत चूल आवरत होती. नानांनी दाराकडे पाहिलं आणि सुजलेल्या तोंडानं, जेवढं हलेल तेवढ्यात, हळू बोलले. तीन वर्षांपूर्वी अक्काच्या हृदयाचं ऑपरेशन धुळ्याला झालं होतं. आत नेताना ती घाबरली होती, तिनं त्यांचा हात सोडला नाही. तेव्हा नानांनी तिला सांगितलं होतं, "तू मना पहिले जानार नही."

"बत्तीस दात व्हतात म्हनीसन वाचनी ती," नाना म्हणाले. "एक बी दात पडा, का ते बोलनं संपनं. मंग तिले काय व्हई?"

किड्याला भिंग होतं, डोळ्याला मास्तरांचं वय होतं. याला माझ्याकडे काहीच नव्हतं. एवढ्या वर्षांत मला त्यांच्यावर राग येत होता, चीड येत होती, हसू येत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची माया आली, आणि तिचाही राग आला. कारण सूज वाढत होती.

दुपारी फोटो आला. तो मी दवाखान्यात उजेडासमोर धरला आणि सवयीनं मोजायला लागले. मोजून झालं, पुन्हा मोजले, मग खुर्चीत बसले. खाली उजवीकडे अक्कलदाढ नव्हती. पडलेली नव्हती, काढलेली नव्हती. हाडात तिची खूणसुद्धा नव्हती. काहींना ती उगवतच नाही, मला चारही नाहीत. नानांना एकतीस दात होते. जन्मभर एकतीसच.

आता हे सांगायचं कसं? सांगितलं तर दाढ निघेल, पण माणसाच्या आयुष्यातली पन्नास वर्षं मी एका फोटोनं खोटी ठरवणार. मी तशीच फोटो घेऊन आत गेले. नाना खाटेवर, अक्का त्यांच्या गालाला ओला फडका लावत होती. मी सांगून टाकलं.

नानांनी बोटानं खुणावलं, मोज. मी फोटोवर एकेक दात मोजून दाखवला. ते माझ्या बोटामागे नजर फिरवत राहिले. एकतीसवर बोट थांबलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माले माहीत शे," अक्का म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ती फडका पिळत होती.

"लगीन व्हयनं त्याच साले मोज्यात. जिनिंगवरथीन ये, जेवे, आनि दुपारले तोंड उघडं टाकीसन झोपे. बठ्ठास्नी सांगेल व्हतं नवरदेवले बत्तीस दात शेतस. म्हटलं देखू तरी. तीनदाव मोज्यात. एकतीस."

"मंग बोलनी कशी नही?" नानांनी विचारलं. सुजलेल्या तोंडातून ते नीट आलंही नाही.

"तुमले इतकं बरं वाटे. कशाले बोलू?"

मग नानांनी खरा प्रश्न विचारला. "मंग तू वाचनी कशी?"

"डाक्टरनी वाचाडं," अक्का म्हणाली. "आनि अक्कलदाढ नही, तेबी माले लगीनपाईनच माहीत व्हतं. आते तोंड उघडा."

दोन दिवसांनी औषधानं तोंड पुरेसं उघडलं आणि मी ती दाढ काढली. उभी चिरलेली होती, मुळापर्यंत. कित्येक हंगामांची सरकी तिनं फोडली होती. तोंडात कापसाचा बोळा घट्ट धरून नाना तासभर मुके बसले, आणि अक्का समोर बसून त्यांना काय काय सुनावत होती. उलट बोलता येत नाही अशी संधी तिला लग्नानंतर पहिल्यांदा मिळाली होती. दाढ नानांनी मागून घेतली. किड्याच्या बाटलीत ती मावेना, म्हणून रुमालात बांधून ठेवली. अधूनमधून एक डोळा झाकून ते लांबची पाटी वाचून बघायचे. डोळा जागेवर होता.

हे आम्हा तिघांतच राहिलं. आठ दिवसांनी फाटकासमोर कुणीतरी मोटरसायकल लावली. नाना तरातरा उठले, मग थबकले आणि माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर नवाच उजेड. "डाक्टरबाई, आते तर माले शिवी देता येई." पन्नास वर्षांची तुंबलेली हौस होती ती. फाटकापर्यंत गेले, तोंड उघडलं, "तुनं... तुनं..." आणि पुढे काही सुचेना. परत आले. हळूच म्हणाले, "एखादी सांगा ना." मी त्यांच्या कानात धुळ्याची एक चांगली शिवी सांगितली. नानांनी ती तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिली. मग तोंड वाकडं केलं, "नही, बेकार शे," आणि पुन्हा फाटकाशी जाऊन गरजले, "तुनं भलं होवो!"

त्या मोटरसायकलवाल्याला महिन्याभरात मुलगी झाली. आता तीस दातांवर वठायला लागलं होतं.

नाना गेल्या हिवाळ्यात गेले. ओट्यावरच, खुर्चीत, कुणाला तरी लवंगेचं तेल सांगता सांगता. दहाव्याला सगळी कॉलनी होती. मी अक्काजवळ बसले होते. ती रडत नव्हती, चिडली होती. "देख," मला म्हणाली, "'तू मना पहिले जानार नही.' एकतीस दातस्वर वठनी ना? त्या टाईमले तोंड दाबी धरतू तर बरं व्हतं." मग मात्र रडली, आणि मीही.

त्यानंतर फाटकासमोर गाड्या लागायच्या, सवयीनं. हॉर्न वाजायचे. आतून कुणी येत नसे. लोक थोडा वेळ थांबायचे आणि निघून जायचे.

मग एके सकाळी अक्का दवाखान्याच्या खुर्चीत येऊन बसली. "ह्या तीन बी काढी टाक," म्हणाली. "कवळी बसाड. एकतीस दातसनी."

मी सांगितलं, अक्का, कवळीत अठ्ठावीसच असतात, वर चौदा, खाली चौदा. ती म्हणाली, मंग तीन वाढाड. मी वाद घातला नाही. हिरड्या भरू दिल्या, मापं घेतली, कवळी बनवून आणली. अठ्ठावीसचीच. बसवली आणि खोटं बोलले, "झाले एकतीस."

अक्कानं आरशात पाहिलं नाही. डोळे मिटले आणि वरून जीभ फिरवली, सावकाश, एकेका दातावर थांबत, मग खालून. झोपलेल्या माणसाच्या तोंडात तिची मोजणी चुकली नव्हती.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं.

"एकतीस," म्हणाली. "बराबर शेतस."

बाहेर हॉर्न वाजला. तलाठ्याच्या परीक्षेवाली मुलगी होती, तिसऱ्यांदा निघालेली, स्कूटी या वेळी चांगली आडवी. अक्का खुर्चीतून उतरली, पदर खोचला, फाटकाशी गेली. नवी कवळी सांभाळत तिनं एक हात वर केला आणि सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात ओरडली, "तुले नोकरी लागो! आठेच लागो! तुनं भलं होवो!" त्यापुढचं काहीतरी तिनं गिळलं. एकेक करून दारं उघडायला लागली.